परसा तरिया, निरंक

१

कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ ठरलेली आहे. साडेसहाला रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यातून निघायचं, चालत बूढ़ातालाबावर जायचं, काठाने एक फेरी मारायची आणि पाण्यावर जे काही बसलं असेल ते मोजून घरी यायचं. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला नुसतं चालता येत नाही, काहीतरी मोजावंच लागतं. गळ्यात दुर्बीण असतेच. माझी बायको सुनीती पाहुण्यांना सांगते की हे अंघोळीलासुद्धा ती काढत नसतील.

फेब्रुवारीतली गोष्ट. तलावात जुने बांबू रोवलेले आहेत, त्यांवर चार पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते. रोजचेच. मी सवयीने दुर्बीण डोळ्यांना लावली. बांबू दिसले, अगदी स्वच्छ. त्यांच्या टोकांवरची पांढरी शीट दिसली, खालचं हिरवट पाणी दिसलं. पाणकावळे नव्हते.

उडाले असतील म्हणून दुर्बीण खाली घेतली. चारही जिथल्या तिथे होते. एक जण मान वळवून पाठ खाजवत होता.

पुन्हा लावली. बांबू, पाणी, शीट. काठाच्या कठड्यावर बसलेला साधा कावळा मात्र दुर्बिणीतूनही व्यवस्थित दिसत होता, पाव खात होता. मी पाचसहा वेळा वरखाली केलं. मागून येणारे एक गृहस्थ थांबून माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी काच पुसण्याचं नाटक केलं.

दुसरी गोष्ट घरी जाताना लक्षात आली. दुर्बीण लावलेली असताना रस्त्यावरच्या स्कूटरी ऐकू येत होत्या, कोणाच्या तरी मोबाइलवरचं भजनही ऐकू येत होतं. पण टिबुकलीची, म्हणजे त्या इवल्या पाणपक्ष्याची, ती किणकिण, जी तिथे अखंड चालू असते, तेवढी थांबत होती. काचेचा दोष असेल तर कानाला काय झालं?

२

आता जे लिहायचं आहे ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

दर जानेवारीत आम्ही रायपूरच्या आसपासच्या तळ्यांवरचे पाणपक्षी मोजतो. सुशील नावाचा माझा जुना विद्यार्थी ही मोजणी आखतो. प्रत्येकाला ठराविक तळी, ठराविक रविवार आणि एक छापील फॉर्म. माझ्याकडे सात तळी होती. सातवं शहराबाहेरचं परसा तरिया. इकडे तळ्याला तरिया म्हणतात आणि पळसाला परसा. काठावर पळस आहेत म्हणून हे नाव.

त्या रविवारी सहा तळी झाली तेव्हा साडेदहा वाजले होते. सातव्यासाठी चार किलोमीटर कच्च्या रस्त्याने जायचं होतं. गुडघा ठणकत होता. घरी सुनीतीचं हळदीकुंकू होतं आणि खुर्च्या लावायला मी अकरापर्यंत येईन असं कबूल केलं होतं. मी स्कूटर वळवली. दुपारी बाहेरच्या खोलीत बायकांची ये-जा चालू असताना, अत्तराच्या वासात, मी कोपऱ्यात बसून फॉर्म पुरा केला.

आमच्या फॉर्मचा एक नियम आहे. तळ्यावर गेलाच नाहीत तर रकाना रिकामा सोडायचा. गेलात आणि एकही पक्षी नव्हता, तर लिहायचं ‘निरंक’. हा फरक मी पोरांना वर्गात इतक्या वेळा घोकून घेतला आहे की त्यावरून माझी नक्कल व्हायची. पण रिकामा रकाना म्हणजे सर गेले नाहीत, हे सुशीलला कळणार. मागच्या वर्षीचे आकडे उतरवायचा विचारसुद्धा मला शिवला नाही. न पाहिलेला पक्षी लिहिणं हे आमच्यातलं सगळ्यात मोठं पाप. त्या मानाने निरंक मला सभ्य वाटलं. आपण काही वाढवून तर सांगत नाही, असं मी स्वतःला म्हणालो आणि अठ्ठावीस जातींसमोर अठ्ठावीस वेळा निरंक लिहिलं.

अक्षर फार छान आलं होतं.

३

मी भुताखेतांतला माणूस नाही. आधी दुर्बीण तपासली. शेजाऱ्यांच्या मुलाची दुसरी आणली, तिच्यातूनही तेच. मग सुनीतीला सकाळी बूढ़ातालाबावर घेऊन गेलो. तिने माझीच दुर्बीण लावली आणि पाणकावळ्याच्या डोळ्याचा हिरवा रंग कसा सुंदर आहे ते मला सांगितलं. इतकी वर्षं हे मला काहून नाही दाखवलं, म्हणून वर रागावली.

रायपुरातच पंडरीला माझी एक जुनी विद्यार्थिनी डोळ्यांची डॉक्टर आहे. तिने दोन तास माझे डोळे तपासले, थेंब टाकले, अक्षरं वाचून घेतली. म्हणाली, सर, उजव्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे पण नावापुरती. मी विचारलं की एखादी वस्तू दिसते आणि तिच्यावरची दुसरी दिसत नाही, असं होतं का. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि झोप नीट लागते का ते विचारलं.

झोप लागत होती. हेच तर वाईट होतं. मी निवांत झोपत होतो, पोटभर जेवत होतो. परसा तरियाची आठवण यायची, पण उधार आणलेलं पुस्तक परत करायचं राहून गेलं की येते तेवढीच. दुर्बिणीचा आणि त्या फॉर्मचा संबंध मी लावला नाही. लावायचा नव्हता, असं म्हणणं जास्त खरं.

४

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुशीलचा फोन आला. मी जेवणाच्या टेबलाशी होतो. जिल्ह्यातल्या पाणथळ जागांची यादी होत होती, ज्या तळ्यांना संरक्षण मिळणार त्यांची. परसा तरिया तिच्यातून वगळलं होतं. कारण लिहिलं होतं, पक्षी निरंक. यादीबाहेर राहिलं की ती जमीन पडीक धरली जाणार आणि तिथे भराव टाकून गोदामं उभी राहणार.

सुशील मराठी समजतो, पण घाईत असला की हिंदीत जातो. म्हणाला, “सर, मागच्या वर्षी तिथं नऊशे अडई बदकं होती. मैं खुद देखके आया था. एकदम निरंक कसं? आप गए थे ना?”

त्याच्या आवाजात संशय नव्हता. मी गेलो नसेन हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. तो फक्त आधार शोधत होता. तेवढ्यात नाही म्हणून टाकलं असतं तर दहा मिनिटं लाज वाटली असती आणि संपलं असतं.

“हो,” मी म्हणालो, “गेलो होतो.”

पलीकडे एकदम शांत झालं. फोन कटला असं वाटून मी पाहिलं. स्क्रीनवर सुशीलचं नाव होतं आणि सेकंद पुढे सरकत होते. एक मिनिट दहा, एक मिनिट अकरा. मी हॅलो, हॅलो करत राहिलो. श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. चार मिनिटांनी फोन आपला आपण बंद झाला.

दोन दिवसांनी सुनीतीने मला चांगलंच झापलं. सुशील घरी येऊन गेला म्हणे. त्या यादीवरच्या सुनावणीची तारीख सांगायला. बाहेरच्या खोलीत माझ्या समोरच्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसला, बोलत राहिला, आणि मी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

मी त्या दुपारी पेपर वाचत होतो हे खरं आहे. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं.

५

मग मात्र मी परसा तरियावर गेलो. सकाळी आठला पोचलो. पळस फुलले होते. आणि पाण्यावर, साध्या डोळ्यांनी, मोजता येणार नाहीत एवढे पक्षी होते. अडयांचे थवेच्या थवे शिट्ट्या घालत होते. पानांवरून कमळपक्षी चालत होते. मधोमध तलवार बदकं, इतक्या उशिरापर्यंत थांबलेली. मी दुर्बीण उचलली. लांबरुंद, सपाट, गप्प पाणी दिसलं. शिट्ट्या थांबल्या. मी ती पुन्हा गळ्यात सोडली नाही, पिशवीत घालून टाकली.

हिरालाल मला बघून धावत आला. हिरालाल केवट, साठीचा माणूस, परसा तरियात मासे धरतो, पावसाळ्यात शिंगाडा लावतो. दर वर्षी मोजणीला तोच मला आपल्या डोंग्यात बसवून मधल्या बेटापर्यंत नेतो. लाकडाचा एवढासा डोंगा, त्यात माझ्यासाठी पोतं अंथरलेलं असतं. यादीचं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तळं बुजलं तर त्याच्याकडे दुसरं काही नाही. त्याने तेही तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

“ओ दिन मैं डोंगा तियार करके बइठे रहेंव, सर,” तो म्हणाला. “एक बजे तक.”

मी पाण्याकडे पाहत राहिलो. तो दुपारी एकपर्यंत पोतं अंथरून माझी वाट पाहत बसला होता, आणि मी तेव्हा तिळाच्या वड्या खात होतो. आयुष्यात इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं.

माझी अडचण त्याला दिसली असावी. चटकन म्हणाला, सर, आप दूसर कोती ले देख लिए होहू. म्हणजे, दुसऱ्या बाजूने येऊन पाहिलं असेल तुम्ही. मला पळवाट त्यानेच करून दिली. मी हो किंवा नाही काहीच बोललो नाही. त्याने फुललेल्या पळसाची एक डहाळी माझ्या स्कूटरच्या हँडलला अडकवून दिली, वहिनींसाठी.

६

सुनावणी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. टेबलामागे ती यादी करणाऱ्या सर्वेच्या मॅडम, तरुण, मुद्देसूद बाई. बाजूला त्यांचा लेखनिक. समोर गावातले आठदहा जण, त्यांत हिरालाल धुतलेला सदरा घालून बसलेला. सुशील आलेला दिसला नाही. पण पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीकडे बघून मॅडम मधून मधून मान हलवत होत्या, आणि लेखनिक कोणाचं तरी बोलणं लिहून घेत होता. मी त्या खुर्चीकडे बघायचं टाळलं.

मॅडमनी आधी हिरालालला विचारलं, मोजणीला सर आले होते का. तो उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी ठणठणीत आवाजात म्हणाला, “हव, आए रहिन. मैं ह डोंगा म घुमाए रहेंव.” मीच डोंग्यातून फिरवलं त्यांना. चारचौघांत माझी लाज जाऊ नये एवढंच त्याला कळत होतं.

मग मॅडमनी नियम सांगितला. मोजणारा गेलाच नसेल तर निरंक रद्द होतं, पुन्हा मोजणी होते आणि तोवर तळ्याला कोणी हात लावू शकत नाही. गेला असेल तर निरंक कायम. हे ऐकताना हिरालालचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात येत होतं. तरी त्याने शब्द मागे घेतला नाही. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला, कारण आता मीच तो मागे घेऊ शकत होतो.

“प्रोफेसर साहब,” मॅडम म्हणाल्या, “आप बताइए.”

एवढी माणसं. त्यांतले दोघे माझ्या कॉलेजात शिकलेले. मी उभा राहिलो आणि म्हणालो की हो, गेलो होतो.

हॉल रिकामा झाला. कोणी उठलं नाही, दार वाजलं नाही. पंखा फिरत होता. खुर्च्या तशाच होत्या, काहींची प्लॅस्टिकची पाठ भार पडल्यासारखी किंचित मागे वाकलेली. टेबलावर लेखनिकाचं पेन कागदावरून डावीकडून उजवीकडे चाललं होतं. ओळ संपली, पेन उचललं गेलं, पुन्हा डावीकडे टेकलं.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. बाहेर रस्ता नेहमीसारखा होता. पानठेल्यावर गर्दी होती, कोणीतरी हसत होतं. ठेल्यावाल्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, अंदर क्या हुआ, बाबूजी. त्याला मी काही सांगितलं नाही.

एक गोष्ट राहिली. नोटिशीच्या तळाशी छापलं होतं की कोणाला जबाब बदलायचा असेल तर त्याने शुक्रवारी साडेपाचच्या आत सर्वेच्या ऑफिसात लेखी द्यावं. ती नोटीस मी घडी करून खिशात ठेवली. तीन दिवस ती खिशातच होती.

७

शुक्रवारी चार वाजता बेल वाजली. मी बाहेरच्या खोलीतच होतो. सुनीतीने दार उघडलं.

“या ना, हिरालाल भैया, बैठिए,” ती म्हणाली.

दारात ऊन होतं. तिने पंखा वाढवला, पाणी आणलं आणि माझ्या समोरच्या खुर्चीपुढे पेला धरला. पेला तिच्या हातातून सुटला आणि हवेत वर गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो रिकामा होऊन स्टुलावर होता.

सुनीती खुर्चीशी बोलत होती. घरचे कसे आहेत, मुलगी कुठे दिली. मध्येच थांबायची, ऐकायची, मान डोलवायची. मग तिचा चेहरा गंभीर झाला आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

“अहो, ते तुमच्याशी बोलून राहिले. उत्तर तरी द्या.”

“काय म्हणतात?” मी विचारलं.

तिला ते विचित्र वाटलं असणार, पण तिने त्याचं बोलणं सांगितलं. उद्यापासून ट्रक लागणार आहेत. मी खोटं बोललो असं मी सांगितलं तर कोणी मानणार नाही, पण सरांचं मानतील. तुम्ही खरं लिहून द्या, मी खोटं बोललो म्हणून मला जे करायचं ते करू देत. ऑफिस साडेपाचला बंद होतं. ते स्कूटरवर मागे बसून यायला तयार आहेत.

मी खुर्चीकडे बघत होतो. वेताच्या विणीत मधोमध खळगा पडला होता. तिथे एक माणूस हात जोडून बसला असेल किंवा नुसता बघत असेल, मला कळायला मार्ग नव्हता. मला रडू येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. खळगा हळूहळू भरून आला. सुनीती दारापर्यंत गेली, कोणाला तरी नमस्कार केला आणि दार लोटून परत आली.

ती माझ्याजवळ येऊन बसली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत. माझा पगार, माझा चिडका स्वभाव, माझे पक्षी, सगळं तिने चालवून घेतलं, एकाच गोष्टीच्या भरवशावर. मैत्रिणींना ती नेहमी सांगते, यांना खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

“तो माणूस काय म्हणून राहिला मले नाही समजलं,” ती म्हणाली. “खरं लिहून द्या म्हणजे काय? त्या दिवशी तुम्ही सकाळीच तर निघाले होते मोजायले. मले एकदा सांगा. तुम्ही गेले होते ना तिथं?”

मला तेव्हा सगळं माहीत होतं. कोणाकोणाला मी हे उत्तर दिलं होतं आणि त्यानंतर काय झालं होतं, हे मी त्या क्षणी एखाद्या विद्यार्थ्यालाही समजावून सांगू शकलो असतो. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. दुखऱ्या गुडघ्यावर, हळूच ठेवलेला. नाही एवढंच म्हणायचं होतं. तिने डोक्याला हात लावला असता, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग स्वतः मला स्कूटरवर बसवून ऑफिसात पाठवलं असतं. जगातल्या कोणाहीपुढे मी लहान झालो असतो तरी चाललं असतं. तिच्यापुढे नाही.

“हो,” मी म्हणालो. “गेलो होतो.”

गुडघ्यावर हाताची ऊब अजून होती. मग तीही गेली.

मी तिला हाका मारल्या. स्वयंपाकघरातला नळ सुरू झालेला दिसला, पण त्याच्या पाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. गॅस पेटला. थोड्या वेळाने एक कप दारातून आत आला, कमरेच्या उंचीवरून, डचमळू नये म्हणून सावकाश, आणि माझ्यासमोर स्टुलावर टेकला. कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे वळवला गेला.

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. तात्यापाऱ्यातून ऑफिसात जायला स्कूटरवर पंधरा मिनिटं लागतात. नोटीस खिशात होती, पेनही होतं.

ती माझ्याकडे बघत असेल, असं समजून मी शांतपणे चहा प्यायलो.